घरची मंडळी

काही शब्द रोजच्या वापराने इतके परिचयाचे होतात की त्यांच्याकडे थांबून पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. 'मंडळी' हा त्यांपैकी एक. पाहुणा दारात आला की आपण विचारतो, "घरची मंडळी बरी आहेत ना?" सभेत वक्ता उभा राहिला की तो श्रोत्यांना 'मंडळी' म्हणूनच हाक मारतो. जुन्या पिढीतील गृहस्थ पत्नीचे नाव घेत नसत. 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे म्हणत. आणि आपले प्रॉटेस्टंट बंधू जे मराठी बायबल वाचतात, त्यात ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दासाठी हाच शब्द योजलेला आहे. आपण कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतो. 'सभा' या शब्दात भारदस्तपणा आहे, शिस्त आहे, परंपरा आहे. 'मंडळी' या शब्दाला मात्र स्वयंपाकघराचा वास आहे.

मूळ ग्रीक शब्दांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'एक्लेसिया' म्हणजे हाक घालून बोलावलेल्या नागरिकांची सभा. ज्याला आपण धर्मग्राम म्हणतो त्या 'पॅरिश' या शब्दाचे मूळ 'पारोइकिया' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ परक्या मुलुखात केलेली वस्ती असा आहे. म्हणजे ख्रिस्ती समूहाला पहिल्यापासून लाभलेली ही दोन नावे दोन प्रकारच्या माणसांची आठवण करून देतात: ज्यांना कोणीतरी नावाने हाक मारली अशी माणसे, आणि ज्यांचे गाव मागे राहिले अशी माणसे.

'आपला धर्मग्राम हे श्रद्धावंतांचे एक कुटुंब आहे' हे वाक्य आपण प्रत्येक सणाला ऐकतो. आम्ही स्वतः ते वेदीवरून शेकडो वेळा उच्चारले आहे. वय वाढले तसे त्या वाक्याचे ओझे वाटू लागले. कुटुंब म्हणजे नेमके काय? एका छपराखाली जमणे म्हणजे कुटुंब नव्हे. तसे तर रेल्वेच्या प्रतीक्षालयातही माणसे जमतात. एकमेकांशी गोड बोलणे म्हणजेही कुटुंब नव्हे. या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ग्रंथांत जसे सापडले, तसेच ते वऱ्हाडातील खामगावच्या इतिहासातही सापडले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली घरे

प्रभू येशूने कुटुंबाची व्याख्या एका अवघड क्षणी बदलली. घरात गर्दी आहे, आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत, तसा निरोप आत येतो आणि प्रभू भोवती बसलेल्यांकडे पाहून सांगतो की देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारा तोच आपला भाऊ, बहीण आणि आई. हा प्रसंग ऐकताना पवित्र मरियेला किती वाईट वाटले असेल, असे आपल्या माताभगिनींच्या मनात येते. परंतु त्याच प्रभूने क्रुसावरून आपली आई आपल्या शिष्याच्या हाती सोपवली, हे विसरता कामा नये. त्याने रक्ताचे नाते तोडले नाही. त्या नात्याचे दार मात्र त्याने उघडून ठेवले आणि बाहेर उभ्या असलेल्यांना आत येता आले.

पहिली दोन-अडीच शतके ख्रिस्ती लोकांजवळ सांगण्यासारखी मंदिरे नव्हती. ते घराघरांतून जमत. फिलिप्पै नगरात जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेचे घर होते. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू तयार करणारे दांपत्य ज्या ज्या गावी गेले, तिथे तिथे त्यांचे घर हेच उपासनास्थान झाले. फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या समूहाला संत पौलाने एक लहानसे पत्र लिहिले. त्या घरातून पळालेला अनेसिम नावाचा गुलाम पौलाला भेटला होता. पौलाने त्याला परत पाठवले आणि मालकाला विनवले की आता याला गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार. रोमन साम्राज्यात 'घर' या शब्दात गुलामही मोडत असत. परंतु ते मालमत्ता म्हणून मोडत. त्यांना भाऊ म्हणायला सांगणारे ते पत्र आकाराने लहान असले तरी त्याने घराची रचनाच हलवली.

या घरांत सारे आलबेल होते असे मात्र नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात पहिली कौटुंबिक तक्रार नोंदलेली आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही. सात माणसे निवडून ते काम त्यांच्याकडे सोपवले. करिंथ येथे तर प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी जेवून घेत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाने त्यांची जी कानउघाडणी केली, तिच्यामुळेच ख्रिस्तशरीर संस्काराच्या स्थापनेचा फार जुना वृत्तान्त आपल्याला लाभला. पंक्तिभेद हे पाप आहे, ही शिकवण ख्रिस्ती धर्माच्या अगदी पहिल्या पिढीतील आहे.

सुमारे इ. स. १५५ मध्ये संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिले. ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात, याचे वर्णन त्यात आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. क्रम आजच्या मिस्सासारखाच. त्यात आणखी एक तपशील आहे. जे त्या दिवशी हजर राहू शकले नाहीत, त्यांच्याकडे पवित्र भाकरीचा वाटा उपसेवकांच्या हाती पाठवला जाई. आणि जमा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले आणि परगावाहून आलेले यांची तरतूद होई. सुमारे इ. स. १९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तर्तुल्लियन यांनीही समूहाच्या निधीचा हिशेब असाच सांगितला आहे: गरिबांना जेवू घालणे, त्यांना मूठमाती देणे, आईबाप आणि आधार नसलेल्या मुलामुलींचे पालनपोषण करणे. इ. स. २५१ च्या सुमारास रोमच्या बिशपांनी, म्हणजे पोप कॉर्नेलियस यांनी, अंत्युखियाच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की त्या शहरातील ख्रिस्तसभा १५०० हून अधिक विधवांचा आणि गरजूंचा सांभाळ करीत होती.

या नोंदी वाचताना आमचे लक्ष एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जाते. जे आलेले आहेत त्यांच्याइतकेच जे आलेले नाहीत त्यांच्याकडेही या लोकांचे लक्ष होते. कोण आले नाही हे ठाऊक असल्यावाचून त्याच्या घरी वाटा पाठवता येत नाही.

कापसाचे गाव, दुष्काळाचे वर्ष

आता आपण वऱ्हाडात येऊ. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला सोन्याची किंमत आली. खामगाव ही त्या व्यापाराची मोठी पेठ. मुख्य लोहमार्गावरील जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे आठ मैलांचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या काळी खामगाव अकोला जिल्ह्यात होते; १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाणा जिल्ह्यात आले. आज चांदीच्या व्यापारामुळे लोक त्याला 'रजतनगरी' म्हणतात. पेठेचे गाव म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाव. व्यापारी, दलाल, हमाल, सरकी काढणाऱ्या गिरण्यांतले मजूर. कोणी राजस्थानातून, कोणी गुजरातेतून, कोणी आसपासच्या खेड्यांतून आलेले. 'पारोइकिया' या शब्दाला शोभेल अशीच ती वस्ती होती.

मग दुष्काळ आले. पहिला १८९६-९७ चा आणि त्यातून सावरण्याच्या आत १८९९-१९०० चा. नगदी पिकाचा प्रदेश अधिक असहाय होता. कापूस बुडाला की हाती पैसा नाही आणि बाजारातले धान्य आवाक्याबाहेर. त्यामागोमाग पटकी आली. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती दीड लाखाने घटली. या आकड्यामागे किती चुली विझल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

खामगाव आणि अकोला येथे त्या वेळी काम करीत होती ती प्रामुख्याने अमेरिकेतील 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' ही प्रॉटेस्टंट संस्था. न्यूयॉर्कचे पाळक ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ साली सुरू केलेल्या चळवळीतून ती उभी राहिली आणि वऱ्हाड हे तिचे भारतातील महत्त्वाचे क्षेत्र ठरले. दुष्काळात रस्त्यांवर, बाजारांत, रेल्वेच्या कडेला सापडलेल्या मुलांसाठी या मिशनने अनाथगृहे उघडली. खामगाव येथे मुलींचे घर होते.

आपल्या काही वाचकांना प्रश्न पडेल की कॅथलिक त्रैमासिकात हा प्रॉटेस्टंट इतिहास कशासाठी? त्याचे उत्तर १९६४ सालच्या दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशातच आहे. त्या परिषदेने आपल्यापासून विभक्त झालेल्यांना बंधू म्हटले. भावाच्या घरातला दिवा आपल्याला दिसू नये इतके आपले डोळे अधू असू नयेत.

शिवाय त्या वर्षांत हे काम सर्वच पंथांनी केले. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये पुढच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्याच केडगावात पुढे मुलींची लहान लहान 'कुटुंबे' करण्यात आली, त्यांना फुलांची नावे दिली गेली आणि प्रत्येक कुटुंबाला एक आई दिली गेली. १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात फ्रान्सच्या आन्सी शहराहून आलेले संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू, म्हणजे आपले फ्रान्सेलियन फादर, झटत होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जर्मन येशूसंघीय धर्मगुरू खेड्यापाड्यांतून फिरत होते. त्यांच्यापैकीच फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. नाव किती सार्थ! विखुरलेल्या घरातल्यांना एकमेकांचा निरोप पोहोचवणारा तो निरोप्या.

दिवेलागणीची हजेरी

आम्ही गुरुदीक्षा घेऊन वऱ्हाडात आलो त्याला आता अठ्ठावीस वर्षे झाली. पहिल्याच वर्षी नाताळाच्या दिवसांत एका अलायन्स कुटुंबाने आम्हांला फराळाला बोलावले. घरात ऐंशीच्या आसपासच्या एक आजी होत्या. त्यांची आई दुष्काळातली. ती सहा-सात वर्षांची असताना कोणीतरी तिला मिशनच्या अनाथगृहात आणून सोडले होते. आपले गाव कोणते, आईबापांची नावे काय, यांपैकी काहीही तिला आठवत नव्हते. एक विहीर आणि एक बैलगाडी, एवढेच तिच्या बालपणाचे शिल्लक उरले होते. नाव मिशनने दिले, अक्षरओळख मिशनने करून दिली, लग्नही तिथल्याच मांडवात लागले. लेकीबाळींना घेऊन ती दर नाताळाला मिशनच्या बंगल्यावर जाई आणि तिथून चोळी-बांगडी घेऊन परते. शेजारणी विचारत, कुठे गेली होतीस? ती ठसक्यात सांगे, माहेरी.

आजींनी मग एक गोष्ट सांगितली, ती आम्ही विसरू शकलेलो नाही. "माही माय दिवे लागले का पोरं मोजे, फादर," त्या म्हणाल्या. "आम्ही सहा भावंडं. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजे. मंग नातवंडं मोजे. शेजारची पोरं अंगनात असली तं तेही मोजे." अनाथगृहात रोज दिवेलागणीला हजेरी होई. आरंभीच्या महिन्यांत त्या हजेरीत रोज कोणाच्या तरी नावाला उत्तर मिळत नसे. उपासमारीने खंगलेली मुले अन्न मिळू लागल्यावरही जगत नसत. मुलींना त्या शांततेची भीती वाटे. त्या भीतीतून ती सवय जडली आणि पंचावन्न-साठ वर्षे टिकली. ज्या बाईला स्वतःला कोणी शोधायला आले नाही, तिने आयुष्यभर एकाही लेकराला मोजदादीतून निसटू दिले नाही.

कुटुंब म्हणजे काय, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर आम्हांला सेमिनरीतल्या कोणत्याही वर्गात मिळाले नव्हते. ज्याच्या नसण्याची नोंद होते, तो घरचा. संत जस्टिन यांच्या काळातले उपसेवक गैरहजर असलेल्यांचा वाटा घेऊन निघत आणि वऱ्हाडातली एक निरक्षरप्राय माय दिवेलागणीला लेकरे मोजत असे. दोघांचे शास्त्र एकच.

मायबाप आणि भाऊ

इतिहास लिहिणाऱ्याने भावनेच्या भरात दुसरी बाजू झाकू नये. मिशनच्या छायेत उभ्या राहिलेल्या या कुटुंबांत दोष होते आणि त्यांचे परिणाम पुढच्या पिढ्यांनी भोगले.

पहिला दोष म्हणजे हे कुटुंब फार काळ मायबापांचेच राहिले. अनाथ मुलाला आई-वडिलांची गरज असते, यात शंका नाही. परंतु मूल मोठे होते. मिशनच्या आवारात वाढलेला, मिशनच्या शाळेत शिकलेला, मिशनच्याच पगारावर जगणारा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ साहेबापुढे मुलासारखाच उभा राहत असेल, तर त्या घराचे काहीतरी चुकले आहे. महाराष्ट्रात ही व्यथा ज्यांनी सर्वांत तीव्रतेने बोलून दाखवली ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्या दिवशी त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या काळाचे वर्णन त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात ज्या मोकळेपणाने केले आहे, ते मराठी वाचकाला सांगायला नको. पुढे पती-पत्नी एकत्र आली, १९०० साली लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला आणि त्यांचे घर दुष्काळातल्या व प्लेगातल्या पोरक्या मुलांनी भरले. ज्या दांपत्याने धर्मासाठी घर मोडताना पाहिले, त्यानेच ते किती मोठे होऊ शकते हेही दाखवले.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांचे, स्नानसंस्कार झालेल्यांचे आणि न झालेल्यांचेही, बंधुत्व उभे करावे, ते आपल्या मातीतले असावे आणि त्यात कोणी धनी व कोणी चाकर नसावा, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांच्या साऱ्या कल्पना आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत बसतील असे नाही. स्नानसंस्काराचे दार आपण इतके सैल मानत नाही. परंतु मायबापांच्या घराचे रूपांतर भावंडांच्या घरात झाले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे खरे होते. कॅथलिक ख्रिस्तसभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'लुमेन जेन्शियम' या दस्तऐवजात धर्माधिकाऱ्यांविषयीच्या प्रकरणाआधी 'देवाची प्रजा' हे प्रकरण ठेवले आणि ख्रिस्ती घराला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले, तेव्हा त्याच दिशेने एक मोठे पाऊल पडले.

दुसरा दोष अधिक लाजिरवाणा आहे, आणि तो केवळ परदेशी मिशनांचा नाही. जात आपण उंबऱ्याबाहेर ठेवून आलो नाही. भारतात अनेक ठिकाणी वेदी एक आणि बाके वेगळी, मंदिर एक आणि दफनभूमीचे कोपरे वेगळे, असा प्रकार घडला. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतही हा भेदभाव असल्याची स्पष्ट कबुली दिली. सोयरीक जुळवताना आपण आजही काय विचारतो, हे प्रत्येक वाचकाने स्वतःच्या घरापुरते तपासावे. करिंथकरांना लिहिलेले पत्र जुने झालेले नाही.

शेवटचे बाक

८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत जन्माला आला आणि खामगावसह बुलढाणा जिल्हा त्यात आला. पुढे १९७७ साली त्याच धर्मप्रांतातून औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, धर्मप्रांत निराळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांहून अधिक होती. तीत ख्रिस्ती माणसे मूठभर. वसईच्या वाचकांना याची कल्पना येणे कठीण आहे. तिथे शेजारी, आतेभाऊ, मामेबहिणी, सारे एकाच धर्मग्रामात. मंदिराच्या घंटेखाली चार चार पिढ्या नांदलेल्या. विदर्भातील लहान धर्मग्रामात कोणी केरळहून आलेली परिचारिका असते, कोणी छोटा नागपूरहून आलेला कामगार, कोणी बदली होऊन आलेला गोमंतकीय रेल्वे कर्मचारी, कोणी इथलेच मराठी कुटुंब. रक्ताचे नाते कोणाचेच कोणाशी नाही. म्हणजे इथे कुटुंब आपोआप होत नाही; ते करावे लागते.

ते आम्हांला किती जमले, याचा एक हिशेब द्यायचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असलेल्या एका धर्मग्रामात एक गृहस्थ दर रविवारी मिस्साला येत. एकटे राहत, कुठल्याशा कारखान्यात पहारेकरी होते, शेवटच्या बाकावर बसत आणि समाप्तीचे गीत सुरू असतानाच निघून जात. आम्ही त्यांना मान डोलावून ओळख देत असू. एका रविवारी ते आले नाहीत. पुढच्या रविवारीही आले नाहीत. त्यानंतरच्या बुधवारी पोलीस ठाण्यातून एक शिपाई आमच्याकडे आला. बंद खोलीत ते मृतावस्थेत सापडले होते. उशाशी जपमाळ होती, म्हणून मंदिरात चौकशी करावी असे कोणाला तरी सुचले. शिपायाने त्यांचे पूर्ण नाव विचारले. आम्हांला ते सांगता आले नाही.

अंत्यविधीला सारा धर्मग्राम लोटला. फुले होती, गीते होती. आम्ही प्रवचनाला उभे राहिलो आणि 'आपल्या कुटुंबातील एक सदस्य' हे शब्द ओठांवर आले तसे थांबलो. दोन रविवार ते बाक रिकामे होते आणि ते आम्ही वेदीवरून पाहिले होते. खामगावच्या त्या अनाथगृहात एका दिवेलागणीत जे कळले असते, ते आम्हांला सतरा दिवसांत कळले नाही.

पुढे मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मंदिरे बंद झाली, तेव्हा हीच परीक्षा साऱ्या जगाला द्यावी लागली. कोणाला फोन करायचा, हे ठरवण्यासाठी आम्ही नोंदवही उघडली. देणगीदारांचे क्रमांक होते. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांचे, नव्याने आलेल्यांचे, न बोलणाऱ्यांचे क्रमांक नव्हते. ते गोळा करण्याचे काम मंदिरातल्या दोन विधवा बहिणींनी आणि एका महाविद्यालयीन तरुणाने केले. प्रेषितांनी सात माणसे निवडली होती. आम्हांला तीन मिळाली.

आशियातील बिशप परिषदांच्या महासंघाने १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे ख्रिस्तसभेला समूहांचा समूह म्हटले आणि लहान ख्रिस्ती समूहांची वाट पक्की केली. १९९४ साली आफ्रिकेच्या बिशपांची महासभा रोममध्ये भरली. तिने आपल्या खंडासाठी 'देवाचे कुटुंब' हीच ख्रिस्तसभेची प्रतिमा निवडली. गंमत म्हणावी की दुर्दैव, त्याच महिन्यांत र्वांडा या बहुसंख्य ख्रिस्ती देशात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची कत्तल केली, आणि काही ठिकाणी तर मंदिरांत आश्रय घेतलेल्यांची. सुंदर प्रतिमा निवडल्याने कुटुंब होत नसते, याची इतकी भीषण साक्ष दुसरी नसेल. आपल्याकडील लघु ख्रिस्ती समूहांविषयीही हेच म्हणावे लागते. महिन्यातून एकदा जपमाळ आणि चहा एवढ्यावर ते थांबले तर ते एक चांगले मंडळ होईल. मंडळी होणार नाही.

आता आमच्या धर्मग्रामात एक साधी पद्धत आहे. तिला कोणतेही नाव दिलेले नाही. रविवारची मिस्सा संपली की प्रत्येक समूहातले दोघे जण पाच मिनिटे मागे थांबतात आणि आज कोण दिसले नाही, एवढेच एकमेकांना सांगतात. संध्याकाळच्या आत त्या घरी कोणीतरी जाऊन येते. बहुधा कारण क्षुल्लक निघते. पाहुणे आले होते, मुलाची परीक्षा होती. कधी कोणी वैतागतेही, फादर आता हजेरी घेऊ लागले म्हणून. आम्ही ते ऐकून घेतो. त्या वैतागलेल्या माणसाच्या दारात निदान कोणीतरी उभे राहिले होते.

तो कार्यक्रम आटोपल्यावर मंदिरातले दिवे मालवण्याआधी आम्ही वेदीजवळून एकदा मागे पाहतो. सगळी बाके रिकामी असतात. आम्ही शेवटच्या बाकापासून सुरुवात करतो आणि जो जिथे बसला होता त्याचे नाव मनाशी घेत पुढे येतो. काही नावे अजून ठाऊक नाहीत. ती पुढच्या रविवारी विचारायची आहेत.